तिसऱ्या रांगेतला युरोपतज्ज्ञ

युरोपात मी एकूण चार दिवस राहिलो आहे. त्यातला एक दिवस पोट बिघडल्यामुळे हॉटेलच्या खोलीतच गेला. फ्रँकफर्टच्या विमानतळावर मात्र मी पुष्कळदा, एकेका वेळी पाच-पाच सहा-सहा तास बसलो आहे. ते तास धरले तर माझा अनुभव आठवड्याच्या आसपास जातो. एवढ्या भांडवलावर मी टेक्सासमधल्या फ्रिस्कोतल्या मराठी मंडळींत युरोपचा जाणकार म्हणून ओळखला जायचो. म्हणजे लोक ओळखायचे असं नाही, मीच तशी ओळख करून द्यायचो.

शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी पॉटलक असायचं, प्रत्येकाने एकेक पदार्थ करून न्यायचा. गप्पा मुलांच्या शाळांवरून व्हिसावर यायच्या आणि व्हिसावरून त्या युरोपात न्यायला मला एक वाक्य पुरायचं. "अरे, आपलं सोड यार, तिकडे युरोपात काय चाललंय बघितलंस का?" मग तिथली कमी होत चाललेली मुलं, बाहेरून येणारी माणसं, ओस पडलेली चर्चं, बदललेल्या गल्ल्या, सगळं मी ओळीने सांगायचो. माझी सगळी माहिती ट्रेडमिलवर चालता चालता पाहिलेल्या व्हिडिओंतून आलेली होती, त्यामुळे ती सांगतानाही मला थोडा दम लागायचा. "युरोप संपला," हे माझं शेवटचं वाक्य. ते आलं की बायको उठून किचनमध्ये भात गरम करायला जायची. दुसऱ्याच्या घरीसुद्धा.

मी स्वतः बाहेरून आलेला आहे, हे या भाषणांच्या वेळी मला कधी आठवायचं नाही. आठवलं असतं तरी मी म्हटलं असतं, माझी गोष्ट वेगळी.

आम्ही या गल्लीत घर घेतलं तेव्हा सोळा घरांत आमचं एकच देशी घर होतं. पहिल्याच आठवड्यात समोरच्या आजीबाई केळ्याचा केक घेऊन आल्या. शाळेत मुलीच्या वर्गाला दिवाळी समजावून सांगायला मला दरवर्षी बोलावलं जायचं. खरं तर आमच्या नागपूरच्या घरी दिवाळीपेक्षा अशोक विजयादशमी, दीक्षाभूमीवर जायचा दिवस, मोठी. पण तिसरीच्या वर्गाला ते काय कळणार, आणि मी तरी बोलावणं कशाला नाकारू? मी पणत्या घेऊन जायचो, सगळ्या देशाच्या वतीने बोलायचो आणि टाळ्या घेऊन यायचो. त्या टाळ्यांची मला चटक लागली होती, हे आता कळतं.

मग बघता बघता गल्ली बदलली. समोरच्या आजीबाई घर विकून मुलीकडे राहायला गेल्या, तिथे हैदराबादचं कुटुंब आलं. त्यांच्या शेजारी पुण्याचं, कोपऱ्यावर सुरतेचं. आता सोळांपैकी अकरा घरं आपली आहेत. दाराबाहेर चपलांचे ढीग, गराजमधून येणारा फोडणीचा वास. संध्याकाळी पार्कात भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील बसायचे, एका बाकावर काका मंडळी, दुसऱ्यावर काकू मंडळी, साड्यांखाली पांढरे स्पोर्ट्स शूज. आणि मधल्या हिरवळीवर अंधार पडेपर्यंत क्रिकेट.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पूर्वी कढीपत्त्यासाठी चाळीस मिनिटं ड्राइव्ह करावं लागायचं, आता तो कोपऱ्यावर मिळत होता. पण मला चीडच यायची.

"हे लोक इथे येऊन मिसळतच नाहीत," मी बायकोला म्हणायचो.

"तू कुणात मिसळतोस?"

"मी ट्रॅश कॅन वेळेवर आत घेतो," मी म्हणायचो.

शेवटी एका रविवारी मी शहराच्या उद्यान विभागाला ईमेल लिहिला. आमच्या पार्कात रोज संध्याकाळी इतकी माणसं क्रिकेट खेळायला येतात की बाकीच्यांना पाय टाकायला जागा उरत नाही, असं मी अतिशय सभ्य इंग्रजीत मांडलं. अडचण एवढीच की माझं सभ्य इंग्रजी इतकं सभ्य असतं की त्यात तक्रार आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही. दहा दिवसांनी उत्तर आलं. क्रिकेटच्या वाढत्या आवडीकडे लक्ष वेधल्याबद्दल विभागाने माझे आभार मानले होते. जागेची अडचण लक्षात घेऊन तिथे पक्की खेळपट्टी करण्याचा विचार चालू होता आणि पाठिंबा देणाऱ्या रहिवाशांच्या यादीत माझं नाव घातलं होतं.

पुढच्याच आठवड्यात त्या खेळाडूंपैकी दोघं काजूकतलीचा डबा घेऊन दारात उभे राहिले. "काका, थँक यू. आमच्यासाठी तुम्ही एवढं केलंत," त्यातला एक म्हणाला. तो चांगला तिशी ओलांडलेला, टक्कल पडायला लागलेला माणूस होता. त्याने मला काका म्हणावं हे मला खेळपट्टीपेक्षा जास्त लागलं. "अरे, त्यात काय एवढं," असं म्हणून मी डबा घेतला. बायकोने चार वड्या खाल्ल्या आणि प्रत्येक वडी उचलताना माझ्याकडे बघून घेतलं.

आमची मुलगी मिशिगनमध्ये ॲन आर्बरला समाजशास्त्र शिकते. इंजिनियरिंग सोडून ती तिकडे वळली तेव्हा मी जे जे बोललो ते इथे लिहीत नाही. गेल्या उन्हाळ्यात ती दोन महिने पूर्व जर्मनीतल्या एका छोट्या गावात राहून आली. तिथली तरुण माणसं शहरांकडे निघून गेलेली, म्हातारी उरलेली, मुलं नाहीत म्हणून शाळा बंद पडायच्या बेतात. तेवढ्यात सीरियातली आणि अफगाणिस्तानातली काही कुटुंबं त्या गावात आणून वसवली गेली. शाळा टिकली, आणि भांडणंही सुरू झाली. आजूबाजूची माणसं बदलली की लोक आपल्या गावाबद्दल कसं बोलतात, हा तिचा विषय होता. गावातल्या जुन्या लोकांशी ती बोलली, नव्यांशीही बोलली. तुलनेसाठी तिला आमच्या भागातलीही काही माणसं हवी होती.

हिवाळ्याच्या सुट्टीत घरी आली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मला तुझा इंटरव्ह्यू हवाय. युरोपवर काम आहे माझं, माहितीये ना तुला?"

युरोप म्हटल्यावर मी पुढचं ऐकलंच नाही. मी शर्टाला इस्त्री केली. डायनिंग टेबलावर तिने फोन रेकॉर्डिंगला लावला आणि एक कागद पुढे केला, संमतीचा. मी रोज दहा-दहा सॉफ्टवेअरच्या अटी न वाचता मान्य करतो, हा तर पोटच्या पोरीचा कागद. सही ठोकली.

"मराठीत बोल," ती म्हणाली. "इंग्लिशमध्ये तू ना, एचआरला ईमेल लिहिल्यासारखं बोलतोस."

मी युरोपपासून सुरुवात केली. तिने वीस मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ओके बाबा. आता आपल्या गल्लीबद्दल सांग." मला वाटलं, विषयांतर होतंय, पण होऊ दे. गल्लीबद्दल मी पन्नास मिनिटं बोललो. मला स्वतःलाच नवल वाटलं इतकं आत साठलेलं होतं. बायको टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मेथी निवडत बसली होती. सगळ्यात शेवटी मुलीने विचारलं, "असं कधी कुणी आपल्याबद्दल म्हटलंय, बाबा? तुझ्याबद्दल, आजोबांबद्दल?"

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

बायकोचे हात क्षणभर थांबले आणि मग पुन्हा मेथी निवडायला लागले.

फेब्रुवारीत मुलीने माझ्या बोलण्याचा इंग्रजी तर्जुमा ईमेलने पाठवला. सोबत लिहिलं होतं, नीट वाच, विशेषतः पान सात, काही काढायचं असेल तर सांग. मी तेव्हा एका मीटिंगमध्ये होतो. उत्तरादाखल अंगठा पाठवला.

एप्रिलमध्ये तिचं प्रेझेंटेशन होतं. आम्ही दोघं डेट्रॉइटपर्यंत विमानाने गेलो. टेक्सासमध्ये एसी लावायची वेळ आली होती आणि ॲन आर्बरच्या फुटपाथांच्या कडेला अजून काळपट बर्फाचे ढिगारे होते. मी जॅकेट आणि टाय अशा थाटात गेलो. हॉल छोटाच होता, चाळीसेक माणसं असतील, त्यातली बरीच तिच्याच वयाची, सायकलचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेली. टाय घातलेला मी एकटाच. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो.

तिने सुरुवातीलाच सांगितलं की ती पडद्यावर एकेक वाक्य दाखवेल, ते कुणाचं हे सांगणार नाही. ऐकणाऱ्यांनी ओळखायचं, हे कोण बोललं असेल. मग ती उत्तर दाखवेल.

पहिलं वाक्य आलं. "मी त्यांच्याकडे बघून नुसती हसते, कारण मला दुसरं काही बोलता येत नाही." बहुतेकांनी सांगितलं, ही नव्याने आलेली कुणीतरी बाई असणार, भाषा न येणारी. मलाही तेच वाटलं. उत्तर निघालं, त्या गावात जन्मलेली आणि त्याच गावात बेकरी चालवणारी जर्मन म्हातारी. हॉलमध्ये हुंकार उमटला. मुलीबद्दलचा अभिमान माझ्या टायपर्यंत आला. पुढचं वाक्य आपण ओळखायचंच, असं मी ठरवलं.

दुसरं वाक्य आलं. "एखाददुसरा असला तर छानच वाटतं, आपण त्याला घरी बोलावतो. पण एक आला की सगळेच येतात. मग ते आपापसातच राहतात, इथल्यासारखं वागायला शिकत नाहीत. संध्याकाळी पार्कात गेलं की वाटतं, हे आपलं गाव राहिलंच नाही."

माझा हात सगळ्यांत आधी वर गेला.

मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती. मी म्हणालो, हा माणूस त्याच गावातला असणार. पुरुष, सत्तरीचा. त्याने गाव कधी सोडलेलं नाही. ज्याने आयुष्यात कधी बिऱ्हाड हलवलं नाही, त्याला दुसऱ्याचं हलणं म्हणजे काय ते कळत नाही. त्याच्या मनात भीती आहे आणि तो तिला मत समजतो आहे. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण अशा माणसांवर रागावण्यापेक्षा त्यांची कीव करावी, असंही मी सांगितलं. दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. एका मुलीने वहीत लिहून घेतलं.

आमची मुलगी लॅपटॉपकडे बघत होती. "थँक यू," ती म्हणाली, अनोळखी माणसाला म्हणतात तसं.

आणखी कुणी डेन्मार्क म्हणालं, कुणी ओहायोतलं छोटं गाव म्हणालं. मग तिने बटण दाबलं. पडद्यावर आलं: पुरुष, पन्नाशीच्या पुढचा. जन्म भारतात. राहणार टेक्सास. मूळ मुलाखत मराठीत.

हॉल हसला. मीही हसलो, चांगला मोठ्याने. टेक्सासमध्ये आपली मराठी माणसं ढिगाने आहेत, त्यातला हा मूर्ख कोण असेल, असा मी विचार करायला लागलो. इंग्रजीत ते वाक्य मला कुठूनही ओळखीचं वाटत नव्हतं, माझ्या इंग्रजीपेक्षा ते कितीतरी सफाईदार होतं. मी बायकोकडे झुकून कुजबुजलो, "कोण असेल गं हा?"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "पान सात," ती म्हणाली.

तिने ते सगळं वाचलेलं होतं, फेब्रुवारीतच.

पुढचा अर्धा तास मुलगी काय बोलली ते मला सांगता येणार नाही. माझे कान इतके गरम झाले होते की बाहेरचं बर्फ आणून त्यावर ठेवावंसं वाटत होतं. टाय सैल करायला हात वर न्यावा तर लोकांना वाटेल, मला अजून काही बोलायचंय. म्हणून मी तसाच बसलो.

कॉफीच्या वेळी तिच्या प्राध्यापिका बाई मला शोधत आल्या. हे तिचे वडील, एवढंच त्यांना माहीत होतं. माझ्या बोलण्याचं त्यांनी फार कौतुक केलं. म्हणाल्या, भीती आणि मत यांतला फरक तुम्ही किती नेमका सांगितलात, त्या गृहस्थांनी हे ऐकायला हवं होतं.

"ऐकलंय त्यांनी," बायको मराठीत म्हणाली आणि बाईंकडे बघून गोड हसली.

संध्याकाळी आम्ही तिघं बसने एका छोट्या कोरियन हॉटेलात गेलो. टेबलाशी बसल्या बसल्या मी सुरू झालो.

"तू मला चारचौघांत उघडं पाडलंस."

"बाबा, कुणालाही कळलं नाहीये. नाव कुठेच नाही. तू हात वर केला नसतास तर तुझ्याकडे कुणी बघितलंही नसतं."

"मला आधी सांगायचंस."

"सांगितलं होतं! तू थम्ज अप पाठवलास." तिचा आवाज चिरकला. मग पाणी पिऊन ती हळू बोलायला लागली. "तू तिसऱ्या रांगेत बसलास ना, तेव्हा मी ती स्लाइड डिलीट करणार होते. खरंच. हात नेला होता मी. पण मग वाटलं, हे एवढंच तू खरं बोलला होतास. बाकीचं सगळं पॉटलकचं होतं."

मी मेन्यू वाचत राहिलो. त्यातलं मला काही कळत नव्हतं.

"तुला भीती कसली वाटते, बाबा? सीरियसली विचारतेय."

माझ्याकडे उत्तर तयार होतं, शिस्त, स्वच्छता, सार्वजनिक जागा कशी वापरावी वगैरे. मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. मी म्हणालो, "आपण एकटेच होतो ना तिथे, तेव्हा लोक माझ्याकडे बघायचे तेव्हा मला बघायचे. आता दुकानात कुणी माझ्याकडे बघितलं की त्याला अकरा घरं दिसतात. आणि उद्या कुणाला वाटलं की हे लोक फार झाले, तर त्यात मीही आलोच. म्हणून मीच आधी म्हणून टाकलं. म्हणणाऱ्यांच्या बाजूला उभं राहिलं की आपल्याला कुणी म्हणत नाही, असं वाटलं असेल."

हे मी माझ्याशीसुद्धा कधी बोललो नव्हतो. मुलीने टेबलावरचा माझा हात धरला. मला रडू येईल असं वाटलं, तेवढ्यात वेटरने मध्ये सात छोट्या वाट्या आणून ठेवल्या, त्यामुळे बचावलो.

"आता ते पण सांग," बायको म्हणाली.

"काय?"

"आजोबांचं. 'कधीच नाही' म्हणालास ना तिला? मी तिथेच होते."

मुलगी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघायला लागली. तिला ते मी कधी सांगितलं नव्हतं. तिला कशाला त्याचा त्रास, असं म्हणायचो. खरं म्हणजे तिने माझ्याकडे कसं बघावं हे मी ठरवलेलं होतं, आणि त्यात ती गोष्ट बसत नव्हती.

मग सांगितली. माझे वडील भंडाऱ्याकडच्या खेड्यातून नागपूरला पोस्टात नोकरीला लागले तेव्हा बावीस वर्षांचे होते. खोली शोधत सायकलवरून हिंडायचे. एका घरी बाहेर पाटी होती, खोली भाड्याने देणे आहे. घरमालकीणबाईंना हा नीटनेटका, हळू बोलणारा पोरगा आवडला. बसायला खुर्ची दिली. चहा टाकते म्हणाल्या. मग आडनाव विचारलं. वडिलांनी सांगितलं. चहा काही आला नाही. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, आवाज अगदी मऊ ठेवून बोलल्या. वडील त्यांची नक्कल करून दाखवायचे, हसत हसत. "तुम्ही चांगलेच दिसता हो. पण एकाला खोली दिली की तुमचे सगळेच..."

मी थांबलो. पुढचे शब्द मला म्हणता येईनात.

बायकोने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. हे वाक्य तिने सासऱ्यांच्या तोंडून दहा वेळा ऐकलं होतं. मुलीनेही ते ओळखलं, तिने तर ते माझ्या तोंडून ऐकून स्वतः इंग्रजीत आणलं होतं. पान सातवर दुसऱ्याचे नव्हे, माझेच शब्द आहेत असं मी हॉलमधून निघाल्यापासून समजत होतो. तेही माझे नव्हते.

"ती पाटी वर्षभर तशीच होती," शेवटी मी म्हणालो. "बाबा रोज ऑफिसला जाताना बघायचे. खोली रिकामीच होती."

मुलीच्या मराठीत सहसा बरेच शब्द इंग्रजी असतात. तेव्हा मात्र तिने निव्वळ मराठीत विचारलं, "मग आजोबांना खोली दिली कुणी?"

मी बोलायला गेलो आणि लक्षात आलं, मला माहीत नाही. न दिलेल्या खोलीची गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. दिलेल्या खोलीची कधी विचारलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आमच्या हॉटेलवर नाश्त्याला आली. मी नागपूरला ताईला फोन लावला. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, शाळेतून रिटायर झालेली, वडिलांच्याच घरात राहते. तिथे संध्याकाळ झाली होती. फोन स्पीकरवर ठेवून आम्ही तिघं वॉफलच्या मशीनशेजारच्या टेबलाशी डोकी जुळवून बसलो.

"ताई, बाबांना नागपुरात पहिली खोली कुणी दिली गं?"

"हे काय मधेच? तब्येत बरी आहे ना रे तुझी?"

"बरी आहे. सांग ना."

"काहून रे, इतक्या वर्षांनी? बाबाजींनी दिली, म्हणजे घरमालकांनी. सिंधी होते ते, जरीपटक्यात. फाळणीत सगळं सोडून आलेले, म्हातारा-म्हातारी दोघंच. मराठी यायचं नाही त्यांना. बाबांनी आडनाव सांगितलं तर म्हणाले, अच्छा. त्यांना त्यातलं काही समजलंच नाही."

"मग नंतर समजलं असेल ना?"

"समजावलं ना लोकांनी. आजूबाजूचे येऊन सांगून गेले, तुम्ही खोली कुणाला दिली माहीत आहे का म्हणून. बाबाजी वर आले, बाबांनाच विचारायला लागले, वो लोग क्या बोल के गये, मेरे को समझा नहीं. बाबांनीच मग मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी. आणि म्हणाले, वो ठीक है, पर तुम नल टपकता छोड देते हो."

मुलगी हसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"आत्या, आजोबा तिथे किती वर्षं राहिले?"

"अगं, तू पण आहेस का? बरीच वर्षं राहिले. माझा जन्म त्याच खोलीतला. आईला घरचं कुणी नव्हतं जवळ, त्या म्हातारीनेच माझं सगळं केलं. कढी शिकवली आईला."

"कुठली कढी?" मी विचारलं.

"आपली. बेसनाची, चिंच घातलेली, भेंडी-गवारीची."

ती कढी मी गेली पंधरा वर्षं प्रत्येक पॉटलकला अस्सल नागपुरी म्हणून नेतो. तिच्यात दही नाही, ताक नाही, म्हणून पुण्याच्या लोकांनी तिला कढी म्हणायला नकार दिला होता, तेव्हा मी त्यांना आमच्याकडच्या परंपरेबद्दल बरंच सुनावलं होतं.

"ती सिंधी कढी आहे?"

"मग काय आपल्या भंडाऱ्याची वाटली तुला? चिंच घातलेली?"

"मला हे कुणीच कसं सांगितलं नाही?"

"तू कधी विचारलंस?" ताई म्हणाली. "तुझा फोन आला की तू ते युरोपाचंच सांगत असतोस."

बायको वॉफल आणायला उठली, बहुधा हसू लपवायला. माझ्या मनात एव्हाना बरंच काही जमा झालं होतं, फाळणीबद्दल, निर्वासितांबद्दल, चिंचेबद्दलसुद्धा. मी घसा साफ केला.

"बाबा, तू थांब जरा," मुलगी म्हणाली. तिने फोन स्वतःकडे ओढून घेतला आणि आत्याला विचारलं, त्या आजीचं नाव काय होतं.